मिस्त्री काका, जुना रंग राखल्याबद्दल

आदरणीय मिस्त्री काका,

सा. न. वि. वि.

आत्याची सायकल तुमच्या दुकानातून घरी आली त्याला आता बरेच महिने झाले. बिल चुकतं केलं, पेढे दिले, पण सांगायचं ते राहूनच गेलं. तुम्ही कामात असलात की मान वर करत नाही आणि कौतुक सुरू झालं की विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव छापू नको असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळते.

तुमच्याकडे येण्याआधी ती सायकल मी दोन-तीन ठिकाणी दाखवली होती. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "नवीकोरी करून देतो." म्हणजे घासून पत्रा उघडा करायचा, पावडर कोटिंग मारायचं, हँडल आणि रिमा पुन्हा क्रोम करायच्या, वर रॅले या सायकल बनवणाऱ्या इंग्रज कंपनीचे छापील स्टिकर. एका ठिकाणी तर रॅलेची खूण असलेला बगळ्याच्या डोक्याचा पितळी बॅजसुद्धा नवा लावून देतो म्हणाले. विकायची असेल तर 'स्वातंत्र्याआधीची' म्हणून सांगा, दुप्पट भाव येईल, हा सल्ला फुकट मिळाला.

तुम्ही किंमत सांगितली नाही. रॉकेलची चिंधी घेतलीत आणि मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, पुसायला बसलात. काळ्या थराखालून हळूहळू अक्षरं वर आली: स्टर्मी-आर्चर हे हब बनवणाऱ्या कंपनीचं नाव, एडब्ल्यू हे मॉडेल, आणि बाजूला ५१, म्हणजे बनवल्याचं साल. आमच्या घरात ही सायकल सत्तेचाळीसच्या आधीची म्हणून सांगितली जायची. बाबांचा चेहरा जरा उतरला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. "हब हबाचं वय सांगतो, सायकलचं नाही. चाक नंतर बसवलेलं असू शकतं. पण लिहायचंच झालं तर एक्कावन्नच्या आसपास लिहा. सत्तेचाळीस लिहायला आपल्याकडे काही पुरावा नाही." मग बाबांनाच आठवलं, की सायकल आली तेव्हा आत्या शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली होती. कारखान्यात हबावर ठोकलेल्या दोन आकड्यांनी घरातली एक आठवण जागेवर आणून बसवली.

त्यानंतर तुम्ही मागच्या मडगार्डवर बोट ठेवलंत. कडेनं ओळीत बारीक भोकं होती, आम्ही ती गंजाची समजत होतो. ही दोरा ओवायची भोकं, असं तुम्ही दाखवलंत. तिथून हबापर्यंत जाळीसारखे दोरे ताणायचे, म्हणजे बाईमाणसाचा झगा, आपल्याकडे निऱ्या आणि पदर, आऱ्यांत जात नाही. रंगाऱ्यानं ती भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवली असती आणि मडगार्ड कसं गुळगुळीत झालं म्हणून आम्ही खूश झालो असतो. आत्या नऊवारीतली नव्हती, पण पाचवारी नेसून रोज शाळेत सायकलनं जायची. त्या भोकांमुळे मला ती पहिल्यांदा सायकलवर बसलेली दिसली. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

तुमचं काम जवळून बघायला मिळालं हे माझं भाग्य. बीबीच्या, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या, कटोऱ्या झिजल्यात असं वाटल्यावर दुसऱ्या कुणी बाजारातल्या कटोऱ्या आणून, नवे आटे पाडून ठोकून बसवल्या असत्या. तुम्ही समजावून सांगितलंत, की रॅलेचे आटे इंचाला २६ आणि बाजारात सहसा मिळतं ते २४. नवे आटे पाडले की त्या फ्रेमला तिची स्वतःची कटोरी पुन्हा कधीच बसायची नाही. म्हणून तुम्ही कटोऱ्या काढून, धुऊन, भिंगाखाली बघितल्यात. खड्डे नव्हते, नुसतं वाळलेलं ग्रीस होतं. बॉल बदलले आणि काम झालं. एवढ्या खटाटोपाचे पैसे तुम्ही फक्त बॉलचे आणि मजुरीचे लावलेत. पुरं रंगकाम केलं असतं तर याच्या कितीतरी पट मिळाले असते, हे मला ठाऊक आहे.

जे बदलायला हवं ते मात्र तुम्ही बेधडक बदललंत. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारे कॉटर, चेन. जुनं आहे म्हणून चिरलेल्या टायरवर कुणाला बसवणं तुम्हाला मुळीच मान्य नाही. झिजणाऱ्या वस्तू झिजायच्याच, त्या बदलण्यात लपवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणता. मला हे फार पटतं. जुन्याची हौस असलेले काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि सायकल नुसती भिंतीला टेकवून ठेवतात. आत्याची सायकल आज रस्त्यावर चालते, रॉड ब्रेक ओढला की थांबते.

रंगाला तुम्ही हात लावलात तो फक्त पुसायला. जिथे पत्रा उघडा पडून गंज चढत होता तेवढाच घासून बंद केलात. चेनकव्हरवरची सोनेरी रेघ अर्धी गेली आहे. ती पुरी करून देणारा लायनिंगवाला तुमच्या ओळखीचा आहे, मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "उरलेली अर्धी नॉटिंगहॅमला, रॅलेच्या कारखान्यात, कुणीतरी हातानं ओढलेली आहे. शेजारी आपली ओढली की दोन्हींतली त्याची कुठली ते पुढच्याला कळणार नाही." रेघ अर्धीच राहिली. ब्रुक्स कंपनीची चामड्याची सीट फाटत होती, तीही नवी न आणता तुम्ही चांभाराकडून खालून दोरी ओवून ताणून घेतलीत. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या बोल्टातला नगरपालिकेचा कराचा बिल्ला मी ब्रासो लावून घासणार होते. तुम्ही हात धरलात, आधीच पुसट झालेलं साल उरलंसुरलंही जाईल म्हणून.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पुढचं मडगार्ड. मूळचं सडून गेलं होतं, नवं बसवणं भागच होतं. तुम्ही ते काळं रंगवलंत, जुन्याच्या शेजारी डोळ्याला खुपणार नाही इतपत. पण बसवण्याआधी उलटं करून आतल्या बाजूला आकड्यांचे पंच घेऊन चालू साल ठोकलंत. चार आकडे, चार ठोके. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालात, "मी नसेन, तुम्ही नसाल. तिसरा कुणी ही खोलेल तेव्हा त्याला फसवल्यासारखं होऊ नये." काका, इतकी वर्षं मी नोकरी करते आहे, कागदपत्रं तपासण्याचंच काम आहे माझं. जो कधी तपासायला येणारच नाही कदाचित, त्याच्यासाठी इतक्या चोखपणे नोंद ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तुम्ही वहीच्या पानावर करून दिलेली यादी मी जपून ठेवली आहे. जुन्या सायकलींच्या प्रदर्शनात ठेवायची वेळ आली तेव्हा तीच बघून पाटी लिहिली: रॅले, नॉटिंगहॅम. मागचा हब १९५१. रंग मूळ. पुढची रिम भारतीय, नंतरची. पायडल नंतरचे. पुढचं मडगार्ड नवं. शेजारी लखलखत्या सायकली होत्या, त्यांच्यासमोर फोटोंची गर्दी होती. पण वाकून पाटी वाचणारी, हबाकडे बोट दाखवून आपापल्या घरच्या सायकलीबद्दल विचारणारी माणसं आमच्याकडे थांबली. दोघांनी तर घरी जाऊन हब पुसून बघतो म्हणून सांगितलं. त्यांना तुमचा पत्ता तुमच्या परवानगीशिवाय दिला नाही. द्यायचा का ते कळवा.

दिव्याचा ब्रॅकेट अजून रिकामाच आहे. मिळेल तो दिवा लावू नका, असं तुम्ही सांगितलंय, म्हणून मी धीर धरून आहे. जुन्या बाजारात नजर असतेच तुमची, त्या काळातला एखादा दिसला तर मला फोन करा, फुटकी काच असली तरी चालेल. पाऊस ओसरला की हबात तेल सोडायला सायकल घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
शिक्षिकेच्या सायकलवाली भाची