मेसेज मशीनने लिहिला असेल तर तसं सांगा की

संपादक साहेब, नमस्कार.

एआय डॉक्टरांपेक्षा मायेनं बोलतं म्हणे, अशा बातम्या सारख्या येतात आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना टोमणे मारायला लोकांना आयतं कोलीत मिळालंय. यातली बरीच हवा २०२३ साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाची. रेडिट या वेबसाइटवर लोकांनी विचारलेले तब्येतीचे १९५ प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीची उत्तरं तपासली, तर सहानुभूतीत मशीनची ४५ टक्के उत्तरं पास आणि डॉक्टरांची ५ टक्के पण नाहीत. पण डॉक्टरांचं उत्तर सरासरी ५२ शब्दांचं आणि मशीनचं २११, हे कोणी फॉरवर्ड करत नाही! शिवाय मार्क देणारे पेशंट नव्हतेच, आरोग्य क्षेत्रातलेच जाणकार होते.

मी दवाखान्यात रिसेप्शनला बसते. आमचे डॉक्टर गोड बोलण्यात शून्य, पण केसपेपर लिहिता लिहिता पेन थांबवून एखाद्या आजीला "घाबरू नका हो, मी आहे ना" म्हणतात आणि आत जाताना रडवेली असलेली आजी बाहेर येते ती रिक्षाच्या भाड्यावरून सुनेशी वाद घालतच.

आता दुसरी बाजू. कोको नावाच्या मानसिक आधार देणाऱ्या सेवेने साधारण ४००० लोकांना जीपीटी-३ या एआयची मदत घेऊन मेसेज पाठवले, लोकांना ते नुसत्या माणसांच्या मेसेजपेक्षा जास्त आवडले, पण मशीनचा हात आहे कळल्यावर सगळा परिणाम गेला असं त्यांच्याच संस्थापकाने जानेवारी २०२३ मधे सांगितलं. पुढच्याच महिन्यात मिशिगनला विद्यापीठात गोळीबार झाला, त्यावर अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका कार्यालयाने मुलांना धीराचा ईमेल पाठवला आणि खाली चॅटजीपीटी वापरल्याची ओळ. मुलं भडकली, माफी मागावी लागली.

यात लोकांचं काय चुकलं? दुःखात माणूस भाषा बघत नाही, आपल्यासाठी कोणी दोन मिनिटं काढली का ते बघतो. (आपण ग्रुपवर वरचंच "भावपूर्ण श्रद्धांजली" कॉपी करून टाकतो तो भाग वेगळा, पण निदान अंगठा तरी आपला असतो.)

मला भीती याची आहे की कंपन्या आणि मोठी हॉस्पिटलं यातून एवढाच धडा घेतील की सांगायचंच नाही. रात्री दोनला ज्याच्याशी बोलायला कोणी नाही त्याला मशीनशी बोलून बरं वाटत असेल तर खुशाल वाटू दे, पण ते मशीन आहे हे त्याला माहीत पाहिजे, आणि परिणाम कमी होतो म्हणून लपवायचं हे कारण तर अजिबात चालणार नाही. सरकारने सक्ती करावी. मेसेजखाली एक ओळ टाकायला काय पैसे पडतात?

– एक वाचक, सांगली