खुले पत्र: साहेब, उपग्रहाला घाटमाथा दिसत नाही

मा. मंत्रीमहोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या बैठकीत आपण शब्द दिला होता. यापुढे ब्रह्मगिरीवर पडणारा थेंबन् थेंब उपग्रह मोजेल आणि गोदाकाठाला सहा तास आधी इशारा मिळेल. टाळ्या पडल्या, आम्हीही वाजवल्या. त्याबद्दल आभार आधीच मानून ठेवतो, पुढे राहून जातील.

गेल्या आठवड्यात आपल्या त्या भल्यामोठ्या पडद्यावरच्या पावसाच्या नकाशात त्र्यंबकचा चौकोन फिकट निळा होता. फिकट निळा म्हणजे हलका पाऊस. त्याच वेळी रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले होते. भोंग्याची गाडी आली तोवर घाटावरच्या टपऱ्या गाडगे महाराज पुलाकडे निघून गेल्या होत्या. पूजासाहित्य, भेळ, पितळी भांडी, सगळे हातावर पोट असलेल्यांचे. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारले, माल होता याचा पुरावा काय? पुरावा नदीत गेला साहेब, तक्रार तीच आहे.

संबंधित कार्यालयाचे उत्तर आले: "उपग्रहात कोणताही बिघाड नाही." अगदी बरोबर. बिघाड उपग्रहात नाहीच.

आपला हवामान उपग्रह इन्सॅट-3डीएस 17 फेब्रुवारी 2024 ला गेला. सुमारे 36 हजार किलोमीटरवरून तो ढगाचा माथा किती थंड आहे ते पाहतो. माथा थंड म्हणजे ढग उंच, ढग उंच म्हणजे पाऊस मोठा, असा त्याचा आडाखा. वळवाच्या गडगडाटी ढगाला तो लागू पडतो. घाटमाथ्यावरचा जुलैचा पाऊस मात्र बऱ्याचदा बुटक्या ढगांचा असतो. समुद्रावरून आलेला वारा कड्याला धडकतो, वर चढतो आणि तिथेच रिता होतो. माथा कोमटच राहतो, म्हणून उपग्रह म्हणतो, किरकोळ आहे. 2014 साली सोडलेल्या, नासा आणि जपानच्या जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाची मदत घ्यावी, तर त्याचा सूक्ष्मलहरी मापक जमिनीवर ढगातल्या बर्फकणांवरून पाऊस ओळखतो, आणि या ढगांत बर्फ जेमतेम. त्याच्यावर रडारही आहे, पण डोंगराळ भागात जमिनीलगतचा एक-दोन किलोमीटरचा थर डोंगराच्याच प्रतिध्वनीत बुडून जातो. आमचा पाऊस शिजतो तो नेमका त्या थरात.

आता तो चौकोन. जीपीएमवर आधारलेल्या पावसाच्या नकाशाचा एक चौकोन 0.1 अंशाचा, म्हणजे बाजू साधारण 11 किलोमीटर. त्र्यंबकच्या डोंगरात एवढ्या एका चौकोनात पाणी दोन वाटांनी फुटते. अर्धे वैतरणेला जाऊन अरबी समुद्राला मिळते, अर्धे गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे निघते. पडद्यावर दोघांचा रंग एकच. हिशेबाला 100 चौरस किलोमीटर धरा आणि उपग्रहाने 100 मिलिमीटर कमी मोजले असे समजा. तेवढे पाणी झाले 1 कोटी घनमीटर, धरणाच्या भाषेत साधारण 353 दशलक्ष घनफूट. भिजून चिंब झालेल्या डोंगरावरून त्यातले बहुतेक खाली येते. शिवाय या नकाशाची सगळ्यात लवकर येणारी आवृत्तीही सुमारे चार तास शिळी असते. सहा तास आधीचा इशारा चार तास मागच्या पावसावरून कसा काढतात, हे गणित आम्हाला शिकवावे. फी देऊ.

हिमालयाचा दाखला आपण बैठकीत दिला होता, म्हणून तिकडचेही बोलू. बर्फाचे आवरण उपग्रह खरोखर चांगले टिपतो. बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे, पण बर्फ डोळ्यांना न दिसणारे लघु-अवरक्त किरण गिळतो आणि ढग बहुतेक वेळा ते परतवतो, म्हणून फरक कळतो. त्या बर्फात पाणी किती, हे मात्र रंगावरून कळत नाही. म्हणून लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीत 2002 पासून काठ्या रोवून झीज मोजतात. म्हणून 2016 मध्ये त्याच भागात चार हजार मीटरच्या वर 'हिमांश' हे हिमनदी-संशोधन केंद्र उभारले. तिबेटच्या पठारावरही वाफ आणि उष्णता मोजायला मनोरे उभे करावेच लागले. ज्यांच्या हातात जगातले उत्तम उपग्रह आहेत, ती माणसेही बर्फात काठी रोवायला जातात. आणि सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक तळे फुगत असल्याचे उपग्रहचित्रांत वर्षानुवर्षे दिसत होते. ऑक्टोबर 2023 मध्ये ते फुटले, चुंगथांगचे 1200 मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले. चित्र होते. चित्रापासून भोंग्यापर्यंतची तार नव्हती.

दुसरे आश्वासन द्राक्षवाल्यांना होते. बागेतून किती पाणी उडाले ते उपग्रह सांगेल, त्यावर कालव्याचे आवर्तन ठरेल. इथे सगळा हिशेब उन्हाचा असतो. आलेल्या उन्हातून जमीन तापवायला गेलेले आणि हवा तापवायला गेलेले वजा केले की उरते ते पाणी उडवायला गेलेले. म्हणजे सगळ्या चुका शेवटच्या आकड्यात साठतात. दिवसाला 1 मिलिमीटर पाणी उडायला चौरस मीटरला सरासरी 28 वॅट लागतात. चूक 28 वॅटची झाली की हेक्टरी रोज 10 हजार लिटरचा फरक, म्हणजे एक टँकर. डोंगरउतारावर एवढी चूक सहज होते, कारण दक्षिण आणि उत्तर उताराला ऊन सारखे नसते आणि सूत्र जमीन सपाट धरून चालते. जमिनीची चित्रे घेणारा अमेरिकेचा लँडसॅट एकाच जागी 16 दिवसांनी येतो, 8 आणि 9 दोन्ही धरले तर 8 दिवसांनी. त्याला ढगाखालचे काही दिसत नाही. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर बसलेला बागाईतदार दिवाळीपर्यंत बसून राहील. भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह निसार जुलै 2025 मध्ये गेला, ढगाआडून पाहतो, चांगलेच आहे, पण त्याच वाटेवर 12 दिवसांनी परततो. पूर काही तारीख घेऊन येत नाही.

यावर उपाय महाग नाही, म्हणूनच बहुधा त्याचे उद्घाटन होत नाही. घाटमाथ्यावर पाण्याच्या दोन्ही उतारांवर स्वयंचलित पर्जन्यमापक हवेत, आणि ते चालते हवेत. आज ज्या डब्यांना केंद्र म्हणतात त्यांची अवस्था बघा. नरसाळ्यात कारवीचा पाला, आत कोळ्याचे जाळे, गांधीलमाशीचे घर. चार महिने ढग, सौर पट्टीवर शेवाळ, बॅटरी 12 व्होल्टवरून बसलेली. मोबाइलची रेंज गेली की आकडा शून्य येतो, आणि संगणकाला 'पाऊस नाही' आणि 'निरोप नाही' यातला फरक कुणी शिकवलेलाच नाही. इन्सॅटवर जमिनीवरच्या केंद्राचा निरोप उचलायची सोय आहे. दरीत ती वापरा, मोबाइलच्या मनोऱ्याची वाट बघू नका. मापक झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवा. शिखराच्या टोकावर तर नकोच, वारा थेंब उडवून नेतो. मापकाच्या आत ठरावीक पाणी साठले की उलटून टिचकी देणारी चमची असते; जोराच्या सरीत ती उलटताना पाणी निसटते, म्हणून शेजारी साधा हाताने मोजायचा मापक ठेवून सकाळी साडेआठला ताळा घ्या. मग या आकड्यांनी उपग्रहाचा चौकोन रोज दुरुस्त करा. तेव्हा कुठे पडद्याचा रंग खरा होईल.

पण डब्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. पदे रिकामी, देखभालीचा ठेका संपलेला, नवा निविदेत अडकलेला. पडद्याला मात्र वातानुकूलित खोली. नासाचा आकडा जगाला फुकट मिळतो आणि आमच्या डोंगरावरचा पाऊस आम्हालाच पासवर्डाशिवाय दिसत नाही. त्याच अपुऱ्या आकड्यांवर, पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावरून नाशिक आणि मराठवाडा एकमेकांच्या अंगावर घातले जातात. थेंबाचा हिशेब कुणाकडेच नाही, भांडण मात्र थेंबाथेंबाचे. 2008, 2016, 2019: प्रत्येक पुरानंतर पाहणी झाली, फोटो झाले. 2027 मध्ये ऐन पावसाळ्यात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. तेव्हा घाटावर टपऱ्या नसतील, लाखो माणसे असतील, आणि चौकोन बहुतेक फिकट निळाच असेल.

पत्रासोबत एक लिटरची बाटली पाठवत आहोत. बुडाला सुईचे भोक आहे. 20 सेंटिमीटर तोंडाच्या, दर 0.2 मिलिमीटर पावसाला एक टिचकी देणाऱ्या पर्जन्यमापकावर ती पाण्याने भरून धरावी, निदान तासभर ठिबकू द्यावी आणि चमचीच्या टिचक्या मोजाव्यात. 159 यायला हव्यात. कोणत्याही एका केंद्रावर करून आकडा कळवावा. पाणी आमच्याकडून.

आपले,
गोदाकाठचे टपरीवाले, बागाईतदार आणि पाण्याचा हिशेब ठेवणारे काही नाशिककर