आईच्या पाटल्या

सातारा, रविवार

प्रिय मंगल,

दादाशी भांडण झालंय. तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. वहिनी त्याच्या बाजूची आणि आमच्या ह्यांना बहीणभावाच्या मधे पडायचं नाही. तब्येत ठीक आहे, गुडघे आहेत तसेच.

पाटल्या मोडल्या हे तुला माहीत आहेच. सोनाराने वितळवून घट धरली, तेव्हा दादा दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. पैसे थोडे थोडे करून वेगवेगळ्या ठिकाणी द्यायचे, हे मात्र दोघांनी मिळून ठरवलं होतं. पहिले आनंदवनला. आईच्या मनीऑर्डरी आठवतात ना? पोस्टमनची पोचपावती ती देव्हाऱ्यात ठेवायची. दुसरे गडचिरोलीच्या ‘सर्च’ला, डॉक्टर बंग पतिपत्नींच्या संस्थेला. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरच्या घरी नवजात बाळं वाचवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि पुढे ‘आशा’ताई देशभर तसंच घरोघर जाऊन बाळं बघायला लागल्या. दादाच्या पाठचं बाळ बाराव्याच्या आत गेलं होतं. आई त्याबद्दल बोलायची नाही, पण ते तुला तिनेच सांगितलं होतं, मला नाही. तिसरे रयत शिक्षण संस्थेला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून बोर्डिंगच्या पोरांना जेवू घातलं, त्या साताऱ्यात दागिना मोडून रयतला द्यायचं नाही तर कुणाला?

इथवर सगळं गोडीत झालं. अडलं ते चौथ्यावर.

आपल्या इथून जवळच निराधार मुलांचं एक छोटं वसतिगृह आहे. दादाचं म्हणणं, तिथे कायम निधी ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी आईच्या तिथीला मुलांना गोडाचं जेवण घालायचं. फळ्यावर आईचं नाव. मीही हो म्हणणार होते, पण तिथल्या बाईंनी मला रजिस्टर दाखवलं. आईची तिथी नेमकी पितृपंधरवड्यातली. त्या पंधरा दिवसांच्या पानावर एकेका तारखेला तीन तीन नावं, शाईने एकावर एक चढवलेली. सकाळी श्रीखंड, संध्याकाळी बासुंदी. बाई म्हणाल्या, पोरांची पोटं बिघडतात, पण दात्याला नाही कसं म्हणायचं? मग त्यांनी जूनचं पान काढलं. शाळा सुरू व्हायचा महिना. पान कोरं, फक्त कडेला पेन्सिलीने वाण्याची उधारी. स्वैपाकाच्या मावशींचा पगार दोन महिने थकलेला. लाइट बिल, गॅस, मुलींचे पॅड, खरजेचं मलम, यासाठी कुणाचीच तिथी नसते गं.

मी दादाला म्हटलं, ही रक्कम अडकवून ठेवू नकोस. कायम निधीच्या मुद्दलाला त्यांना हात लावता येत नाही, व्याजाचे दर हे असे, आणि तेल कुठल्या कुठे गेलंय. मोकळे पैसे दे, वर्षभरात लागतील तसे वापरू देत. तर म्हणाला, “मावशींच्या पगारात आईचं नाव कुठं राहणार?” मी म्हणाले, आई जन्मभर स्वैपाकघरातच होती. तो ताटावरून उठला.

तो पैशाचा लोभी नाही हे तुला मी सांगायला नको. नव्या करप्रणालीत गेल्यामुळे देणगीवरची ८०जीची करसवलत त्याला मिळतच नाही, तरी प्रत्येक पावती मागून घेतो आणि आईचं नाव नीट लिहिलंय का बघतो. आईच्या शेवटी तो मुंबईत होता, पोचला नाही, ते त्याला अजून टोचतंय. म्हणून मला त्याला हरवायचंही नाही.

तुला हे कळेल, कारण तू घेणाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली आहेस. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुझ्या माजघरात चिखल आणि दारात जुन्या कपड्यांचे ढीग. फोनवर तू ओरडली होतीस, “साड्या नकोत, खराटे पाठवा, फिनेल पाठवा!” आणि त्याच्याही आधी, परीक्षेची फी आईने परस्पर भरली म्हणून तू माझ्याशी अबोला धरलास. माझा काय दोष होता? हट्टी म्हणजे किती हट्टी! पहिल्या पगारात तू ते पैसे परत आणून दिलेस, आणि आईने दुसऱ्या दिवशी तेच कमळीच्या फीला दिले. तुला सांगू नको म्हणाली होती. आता सांगितलं.

आईने कधी विचारलं होतं का गं, कमळीने त्याचं काय केलं?

मधला मार्ग मला दिसतो तो असा: तिथीचं जेवण एकदाच, यंदाच, दादाच्या हातून वाढलेलं. बाकी सगळं मोकळं. पण हे मी सांगितलं तर तो ऐकणार नाही. तुझं ऐकतो. लहानपणापासून ऐकतो, तुझ्या पुढ्यात कारल्याची भाजीसुद्धा खायचा.

पल्लवीचं बाळंतपण तुमच्याकडेच ना? डिंकाचे लाडू मी करून आणते, तू त्यात पडू नकोस. भाऊजींच्या मोतीबिंदूचं काय झालं, कळव.

दादाला या आठवड्यात फोन कर. रात्री नऊनंतर, बातम्या संपल्या की. मी पत्र लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
शालन