विषय ठरलाय, आई-बाबा

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

सुमनआत्याने सांगितलं ते खरं आहे. माझ्या डिप्लोमा फिल्मचा विषय समलैंगिकता हाच आहे. सरांनी तो मंजूर केलाय, कॅमेराही बुक झालाय. फोनवर हे बोलणं होत नाही. आई मध्येच 'जेवलीस का' विचारते आणि बाबा स्पीकर चालू ठेवून बातम्या बघतात. म्हणून पत्र.

बाबा, आधी तुमची शंका. 'पोरीवर केस होईल' असं म्हणालात म्हणे. कोर्टातून नाझर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला मी काय कायदा सांगणार! पण बघा, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० सालचं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, हा गुन्हा नाही. नव्या न्याय संहितेत तर ते कलमच नाही. समलिंगी लग्नाला मात्र २०२३ मध्ये कोर्टाने मान्यता दिली नाही, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं मी फिल्ममध्येही दाखवणार नाहीये.

आणि हे हल्लीचं फॅड म्हणू नका. र. धों. कर्वे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, त्यात समलिंगी आकर्षणाचेही प्रश्न असत. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. हे मला सांगितलं कोणी? तुम्हीच, कात्रण दाखवून.

सध्या नुसतं भेटणं आणि वाचणं चाललंय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू केली, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. प्राइड मोर्चातले रंगीत झेंडे सगळेच दाखवतात, मला ते नकोत. मला साठी उलटलेली माणसं हवी आहेत. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ बोलायला तयार झालेत. चहा स्वतः करतात, आलं किसणीवर नाही, खलबत्त्यातच कुटायचं असा हट्ट. बोलता बोलता दाराची बेल वाजली की माझा माईक उशीखाली सरकवतात, शेजारीण वाटी परत करून गेली की काढून देतात आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे नेतात. त्यांचा चेहरा मी दाखवणार नाही, फक्त हात आणि आवाज. संमतीपत्रावर सही शूटिंगच्या आधी, आणि जोडलेली फिल्म बघितल्यावर पुन्हा. तेव्हा नको म्हणाले तर तो भाग काढायचा, मग गुण गेले तरी चालतील. हा नियम माझा, कॉलेजचा नाही.

हाच नियम घरालाही. नानाकाका फिल्ममध्ये नाहीत. त्यांचं नाव, अंकलखोपचं घर, तो अल्बम, काही नाही. आई, तू रात्रभर जागलीस ती याच धास्तीने, हे मला आत्याने न सांगताही कळलं असतं. आणि बाबा, १९९१ च्या त्या उन्हाळ्यात तुम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलंत ते काळजीपोटीच. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढली मे १९९० मध्ये. आपल्या गावात कोणाला ठाऊक असणार? ती 'बरी' करायचे असले उपचार म्हणजे डॉक्टरांचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं ते थेट २०२२ मध्ये. डॉक्टरांनाच इतकी वर्षं लागली. उगाच मनाला लावून घेऊ नका. पण हा विषय मला का सुचला, हेही विचारू नका.

आई, खाण्याचे हाल नाहीत. मेसच्या काकू डब्यात तूप वेगळं देतात, तुझं मेतकूट अजून पुरतंय, रात्रीचं शूटिंग असेल तेव्हा आम्ही सगळे एकाच गाडीने परततो. तुला आठवतं, दुसरीच्या गॅदरिंगला मी झाड झाले होते? एक वाक्य नव्हतं मला, आणि तू पहिल्या रांगेतून अशा टाळ्या वाजवल्यास की बाई मागे वळून बघायला लागल्या. फिल्म दाखवतील तेव्हा तशीच पुढे बस, एवढंच म्हणणं आहे. नाही जमलं तरी मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

दिवाळीत पाडव्याला येते, त्याआधी जमणार नाही. चकल्या ठेवा. सोनटक्के काकांसमोर विषय निघाला तर 'शिक्षणाचा भाग आहे' म्हणा आणि गप्प बसा. बाबा, तुम्ही वाद घालू नका, बीपी वाढतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. मोतीबिंदूचे थेंब आईने घालायचे, तुम्ही स्वतः घालता तेव्हा निम्मे गालावर जातात. गीझर दुरुस्त होईपर्यंत बादली उचलायची नाही, दोघांनीही.

नानाकाका रविवारी जेवायला येतील तेव्हा हे पत्र टेबलावर ठेवायचं की कपाटात, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल. त्यांना वाचायला दिलंत तर चष्मा आठवणीने द्या, ते नेहमी आपल्याकडे विसरून जातात. आणि आत्याला मीच फोन करते, तुम्ही काही सांगत बसू नका.

तुमची,
मनू