रोपं किती लावली ते नको, सावली किती वाढली ते सांगा: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

दरवर्षी वृक्षारोपणाचा आकडा जाहीर होतो, इतकी लाख रोपं लावली, मागच्या वर्षीपेक्षा इतकी जास्त, फोटो येतात, भाषणं होतात. पण त्यातली जगली किती हे कोणी सांगत नाही, आणि विचारलं तर कुठल्या खात्याकडे ती माहितीच नसते. म्हणून माझी मागणी सरळ आहे. लावलेल्या रोपांचा आकडा द्यायचं बंद करा, पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या झाडांचा आकडा द्या आणि प्रत्येक वॉर्डात किती जमिनीवर झाडाची सावली आहे ते टक्क्यांत जाहीर करा.

सावलीचा एवढा आग्रह का धरतोय ते सांगतो. डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतं, त्यामुळे शहराला रात्रीही थंडावा मिळत नाही आणि म्हातारी माणसं, आजारी माणसं यांच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. झाड दोन कामं करतं, ऊन जमिनीवर पडूच देत नाही आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून आजूबाजूची हवा गार करतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास आला होता. २०१५ च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे तिथे साधारण ६,७०० अकाली मृत्यू झाले आणि झाडांचं आच्छादन, जे तिथे सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३० टक्के असतं तर त्यातले २,६४४ टळले असते असा त्यांचा हिशोब आहे. म्हणजे हा विषय सुशोभीकरणाच्या खात्यात टाकून द्यायचा नाहीये, हा आरोग्याचा विषय आहे.

आणि सावली सगळ्यांना सारखी मिळत नाही हे तर कुठल्याही शहरात फिरलं की दिसतं, मोठ्या बंगल्यांच्या रस्त्यावर कमान झालेली असते आणि दाट वस्तीत बसस्टॉपवर उभं राहायला एक झाड नसतं. अमेरिकेत १९३० च्या दशकात ज्या वस्त्यांना कर्ज देणं धोक्याचं म्हणून नकाशावर लाल रंगात दाखवलं होतं, त्या वस्त्या आजही तापलेल्या आहेत. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास झाला त्यात त्या इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश जास्त गरम निघाल्या. इतक्या वर्षांपूर्वीचा निर्णय अजून अंगावर ऊन बनून पडतोय. त्यामुळे प्लीज, जिथे आधीच हिरवळ आहे तिथे अजून झाडं लावून टक्केवारी वाढवू नका, सगळ्यात उघड्या, सगळ्यात तापणाऱ्या वस्तीपासून सुरुवात करा.

आता मूळ मुद्दा, जागा. "इथे झाडाला जागाच नाही" हे उत्तर आम्हाला कायम मिळतं. झाडाला जागा लागते ती जमिनीखाली, आणि ती आपणच बंद करतो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे पसरतात, त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. आपण फुटपाथ करताना काय करतो, खोडाला चिकटेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, नाहीतर थेट काँक्रीट ओततो. माझ्या रोजच्या रस्त्यावर असं एक झाड आहे, बुंध्याभोवती तळहात मावेल एवढीसुद्धा माती उघडी नाही आणि त्याला लहानपणी लावलेली लोखंडी जाळी कोणी काढलीच नाही, आता तिच्या सळ्या सालीत रुतल्यात आणि साल त्यांच्यावरून दोन्ही बाजूंनी वाढत चालली आहे. त्या झाडाला वाचवायला फार काही लागत नाही, एक माणूस, एक कटर आणि अर्धा तास. पण लावण्यासाठी बजेट होतं, नंतरच्या देखभालीसाठी कोणाकडेच काही नाही.

स्टॉकहोममध्ये रस्त्याखाली मोठी दगडी खडी भरतात, तिच्या फटींमध्ये माती आणि लाकडी कोळशाची भुकटी घालतात, वरून पावसाचं पाणी आणि हवा आत जाईल अशी सोय करतात. वरून रहदारीचं ओझं खडी पेलते आणि खाली मुळं फटींतून वाढत जातात, फुटपाथही उचकटत नाही. असं प्रत्येक ठिकाणी करा असं नाही म्हणत, पण निदान रस्त्याच्या टेंडरमध्येच झाडाचा खड्डा, त्याची माती, पाणी मुरायची जागा आणि पहिल्या तीन ते पाच वर्षांची देखभाल घाला ना. आज रस्ता एका खात्याचा, ड्रेनेज दुसऱ्याचं, केबल तिसऱ्याची आणि झाड उद्यान विभागाचं, मग प्रत्येक जण खोदताना मुळं तोडतो आणि पुढच्या वादळात झाड पडलं की दोष झाडाला.

मोठी झाडं तोडायची परवानगी देताना "बदल्यात दहा रोपं लावू" ही अट असते तिच्याबद्दलही विचार करा. जुन्या झाडाचा जो पसारा असतो तो दहा रोपांना मिळून यायला कित्येक वर्षं लागतात, तीही जगली तर, आणि बऱ्याचदा ती लावली जातात शहराबाहेर कुठेतरी. तोडलेल्या झाडाखाली जे लोक उभे राहायचे त्यांना त्याचा काय उपयोग? भरपाई त्याच वॉर्डात झाली पाहिजे.

झाडं निवडतानाही एकाच जातीची रांग नको. डच एल्म रोगाने युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांचे रस्तेच्या रस्ते उघडे पडले, कारण सगळीकडे एल्मच लावलेले होते. त्यावरूनच फ्रँक सांतामोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९० मध्ये नियम सुचवला की एका जातीची झाडं १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. नर्सरीत लवकर वाढणारी दोन-तीन जातींची रोपं स्वस्तात मिळतात म्हणून तीच सगळीकडे लावली जातात हे थांबायला हवं.

ध्येय काय ठेवायचं हे शोधत बसायची गरज नाही. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइननडाइक यांचा ३-३०-३०० चा नियम आहे, प्रत्येक घरातून निदान ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के आच्छादन असावं आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. होऊ शकतं का? कोलंबियातल्या मेडेयिन शहराने २०१६ पासून रस्त्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेने ३० हिरवे पट्टे तयार केले, गरीब वस्त्यांतल्या लोकांनाच ट्रेनिंग देऊन माळी म्हणून कामावर घेतलं, आणि त्या पट्ट्यांमध्ये तापमान सुमारे २ अंशांनी उतरलं. न्यूयॉर्क, मेलबर्न इथे तर शहराच्या झाडांचा ऑनलाइन नकाशा आहे, कुठलं झाड कुठे आहे, कुठल्या जातीचं आहे, हे कोणीही बघू शकतं.

आम्हालाही तसाच नकाशा हवाय. प्रत्येक झाडाला नंबर, लावल्याची तारीख, शेवटचं पाणी कधी घातलं, जबाबदार अधिकारी कोण, आणि मेलं तर त्याच जागी नवीन कधी लागणार. पाणी घालायला, जाळ्या काढायला, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायला आम्ही नागरिक यायला तयार आहोत, फक्त परवानगी कोणाकडे मागायची ते एकदा ठरवून द्या. पुढच्या बजेटमध्ये लागवडीच्या शेजारी देखभालीची वेगळी ओळ दिसेल अशी अपेक्षा आहे, आणि या पत्राचं उत्तरही सगळ्यांना वाचता येईल असं जाहीरपणे द्यावं ही विनंती.

आपला,
एक नागरिक