फोटोंना नावं देण्याआधी

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

"आई, फोटो एडिट करायला आणि नीट लावून ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" असं तू काल विचारलंस. तेव्हा मी "बघून सांगते" म्हणाले, कारण हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. तू एडिटिंग आधी म्हणालीस आणि लावून ठेवणं नंतर. मी तुला हा क्रम उलटा करायला सांगणार आहे.

आजीच्या पेटीतले जुने फोटो मी स्कॅन करत होते, ते तुला आठवत असेल. तू तेव्हा शाळेत होतीस. आजी शेजारी बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायची, ही माझी मावसबहीण, हा तिचा दीर, आणि मी नाव टाइप करायचे. चार-पाच दुपारी त्यात गेल्या. पुढे संगणक बदलला. फोटोंचे फोल्डर मी नव्या संगणकावर आणले. फोटो सगळे आले, नाव मात्र एकही आलं नाही. मी लिहिलेली नावं फोटोंच्या फाइलींत उतरलीच नव्हती. त्या प्रोग्रॅमने ती स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या नोंदवहीत ठेवली होती, आणि तो जुन्या डिस्कबरोबर गेला. आजीला घेऊन मी पुन्हा बसले, पण मध्ये सहा वर्षं गेली होती. बरेच चेहरे तिने ओळखले. काहींवर बोट ठेवून ती नुसती बघत राहिली. त्या फोटोंतल्या अकरा माणसांना आता नाव नाही.

म्हणून मी कोणतंही सॉफ्टवेअर बघताना आधी हेच तपासते, की मी लिहिलेलं नाव, कीवर्ड (म्हणजे शोधायला दिलेले शब्द), टिपण नेमकं कुठे साठतं. फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवाय थोडी लिहायचीही जागा असते. कॅमेरा तिथे तारीख, वेळ, शटरचा वेग लिहितो, त्याला एक्झिफ म्हणतात. आपण दिलेली नावं आणि टिपणं आयपीटीसी आणि एक्सएमपी या पद्धतींनी तिथेच लिहिता येतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं ठेवलेल्या फाइलमध्ये, सहसा काही लिहीत नाहीत, तिच्या शेजारी त्याच नावाची छोटीशी एक्सएमपी फाइल ठेवतात. असं लिहिलेलं दुसऱ्या प्रोग्रॅमलाही वाचता येतं. प्रोग्रॅम बदलला तरी तुझी मेहनत फोटोबरोबर राहते.

कंपनी मोठी आहे, एवढ्यावर विसंबू नकोस. ॲपलने ॲपर्चर हा आपला फोटोंचा प्रोग्रॅम थांबवत असल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं. गूगलने डेस्कटॉपवरच्या पिकासा या फोटोंच्या प्रोग्रॅमचा सपोर्ट १५ मार्च २०१६ ला बंद केला. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत मिळतात. गूगल फोटोज वापरू नकोस असं मी म्हणत नाही. शोधायला ते फार सोपं आहे आणि फोनवरचे फोटो आपोआप वर जातात. पण तिथून सगळं उतरवून घेतलंस, तर तू लिहिलेली वर्णनं फोटोंत नाही, शेजारच्या जेसन नावाच्या मजकूर-फाइलींत मिळतात. आणि फोन त्याला जोडलेला असताना एका ठिकाणी फोटो पुसला की तो दुसरीकडूनही जातो, त्यामुळे तो बॅकअप धरू नकोस. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत हवीच, आणि आणखी एक दुसऱ्या घरी.

तुझ्यासाठी मला डिजिकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर योग्य वाटतं. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, चेहरे ओळखण्याचं काम तुझ्याच संगणकावर करतं. पहिल्या दिवशी मेनू बघून घाबरशील, इतकं त्यात भरलेलं आहे. तू फक्त तारे, कीवर्ड, चेहरे आणि शोध एवढंच उघड. त्याआधी सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोबरोबरच्या माहितीच्या भागात जाऊन नावं आणि कीवर्ड फाइलमध्ये लिहिले जातील असं करून घे. हे आधी कर, मग पहिलं नाव दे. तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं होतं ना? त्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे करायची सोयही त्यात आहे.

लाइटरूम क्लासिक उत्तम आहे, पण ते दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून वापरायचं. वर्गणी थांबली की फोटो बघता येतात, मात्र मुख्य एडिटिंगचा विभाग बंद होतो. तुझे बदल ते कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्याय आपण चालू करावा लागतो. पुढे कधी घेतलंस तर हे आठव. आणि फोल्डर बाहेरून हलवू नकोस, त्या प्रोग्रॅममधूनच हलव, नाहीतर त्याला फोटो सापडत नाहीत.

एडिटिंगचं म्हणशील तर सुरुवातीला फार थोडं लागतं: वाकडं क्षितिज सरळ करणं, कडेचं नको ते कापणं, उजेड कमी-जास्त करणं, पिवळट किंवा निळसर रंग सुधारणं. एवढं स्नॅपसीडमध्ये फोनवरच होतं आणि तेही मोफत आहे. फक्त सेव्ह करताना प्रत काढ, मूळ फोटो तसाच राहू दे. जेपेग, म्हणजे फोनमधला नेहमीचा आकसवलेला फोटो, पुन्हा पुन्हा उघडून बदलून सेव्ह केला की दर वेळी त्यातला थोडा तपशील जातो. रॉ फोटो काढायला लागलीस की डार्कटेबल हा एडिटिंगचा प्रोग्रॅम बघ. त्यात मूळ फाइलला धक्का लागत नाही, तू केलेले बदल सूचनांसारखे वेगळे नोंदले जातात आणि केव्हाही मागे घेता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळपट पडलेला चेहरा उजळताना हा फरक तुला डोळ्यांनी दिसेल. पण आज डार्कटेबलने सुरुवात करू नकोस. त्यातले शब्द समजून घेण्यातच महिना जाईल आणि फोटो तसेच पडून राहतील. गिंपही चांगलं आहे, पण ते एकेक चित्र दुरुस्त करण्यासाठी, हजारो फोटो लावायला नाही.

काहीही पक्कं करण्याआधी दहा फोटो निवड. एक अंधारातला, एक पाठीमागून ऊन असलेला, एक वाकडा, एक जुना स्कॅन, बाकी रोजचे. त्यांच्या प्रती कर, त्यांवर नावं आणि कीवर्ड टाक. मग तो फोल्डर दुसऱ्या संगणकावर ने आणि वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये उघड. नावं दिसली तर ते सॉफ्टवेअर ठेव. नाही दिसली तर एडिटिंग कितीही छान असलं तरी त्यात तुझे बारा हजार फोटो घालू नकोस.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. आजीचे उरलेले स्कॅन आहेत, या वेळी नावं फाइलमध्येच लिहिली आहेत. तिसऱ्या फोटोत डावीकडून दुसरी, दोन वेण्या घातलेली मुलगी आहे. तू निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव दिसलं की मला कळव.

तुझी,
आई