त्या खुर्चीबद्दल आभार

प्रिय बाई,

तुम्हाला मराठी येत नाही. ज्या शाळेच्या ऑफिसात तुम्ही पुढच्या टेबलावर बसता, तिच्या पत्त्यावर मी इंग्रजी पत्र वेगळं पाठवलं आहे, पण ते दोन परिच्छेदांचं आणि फार औपचारिक झालं. मनातलं सगळं मला माझ्याच भाषेत लिहिता येतं. शिवाय तुम्ही काय केलंत ते माझ्या भाषेतल्या माणसांनाही कळावं असं फार वाटतं, म्हणून हे दुसरं पत्र, सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी अमेरिकेतल्या एका खासगी कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात काम करते. सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हा आमचा शाळाशाळांत जाऊन मुलांना कॉलेजची माहिती देण्याचा, फिरतीचा हंगाम. प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिलेला असतो, माझ्याकडे नेब्रास्का राज्याचा पश्चिम भाग आहे. भाड्याची गाडी, डिकीत माहितीपत्रकांची खोकी, कॉलेजचं नाव छापलेलं टेबलक्लॉथ आणि समोर आय-८० हायवे. नॉर्थ प्लॅट सोडून ओगलालाकडे निघालं की वाटेत टाइम झोन बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जातं. शाळा लहान आणि एकमेकींपासून लांब. ऑक्टोबरात मक्याची आणि साखरबिटाची काढणी चालू असते, त्यामुळे काही मुलं वर्गातच नसतात. रात्री मोटेलात बसून मुलांनी भरलेली कार्डं लॅपटॉपवर चढवायची, ईमेलना उत्तरं द्यायची, सकाळी पुन्हा गाडीत.

या कामात एकटेपणा आहे, पण त्याची मला तक्रार नाही. लागतं ते वेगळंच. तुमच्या शाळेत येण्याच्या आदल्या आठवड्यात एका मोठ्या, चांगल्या पैसेवाल्या शाळेत गेले होते. वेळ आधी ठरलेली होती. रिसेप्शनवर बराच वेळ ताटकळत ठेवून शेवटी मला जिमजवळच्या खोलीत बसवलं, जिथे घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मी आले आहे हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. जाताना ‘सॉरी’ एवढंही कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या एका शाळेत टेबल मिळालं ते सोड्याच्या मशीनशेजारी. मुलं येत, फुकटचं पेन उचलत आणि नजर चुकवून पुढे जात. मुलांवर माझा राग नाही. पेन घेताना कुणी काही विचारत नाही, प्रश्न विचारायचा तर आपल्याला काय माहीत नाही ते चारचौघांत उघडं पडतं. सतरा वर्षांच्या मुलाला ते नको असतं.

आणि आमच्या कॉलेजातले लोक? दर वर्षी कुणीतरी तक्ता उघडून म्हणतंच की या भागातून अर्ज कमी येतात, तर एवढ्या लांब माणूस पाठवायचा कशाला. ओझान जॅकेट आणि करीना सालाझार या दोन अभ्यासकांनी २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मांडलं होतं की कॉलेजांची माणसं जास्त करून श्रीमंत आणि गोऱ्या वस्तीतल्या शाळांनाच भेटी देतात. आमच्या धंद्यातल्या कुणाला ते वाचून धक्का बसला नसावा. आपण जायचं नाही, मग अर्ज येत नाहीत म्हणायचं, आणि अर्ज येत नाहीत म्हणून जायचं नाही. हे मी बैठकीत बोलले आहे, पुन्हाही बोलेन.

तर बाई, तुमची शाळा.

जेवणाची सुट्टी व्हायची होती. कॅफेटेरियाच्या दाराशी मी टेबल मांडत होते. तुम्ही ऑफिसातून बाहेर आलात ते तुमच्याच टेबलामागची चाकांची खुर्ची ढकलत. पाठीवर तुमचा निळा स्वेटर तसाच अडकवलेला. ती खुर्ची तुम्ही माझ्या समोर न ठेवता माझ्या बाजूला ठेवलीत आणि स्वतः बसलात. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून ऑफिसचं दार उघडं ठेवलं होतंत. मला वाटलं, गप्पा मारायला आला असाल.

घंटा झाली, रांग लागली, आणि तुम्ही रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलंत, “अर्जाची फी भरायला पैसे नसतील तर अर्ज करताच येत नाही का?”

मी म्हटलं, करता येतो, फी माफ होते, अर्जातच विचारलेलं असतं.

“आणि हे पेल ग्रँट म्हणतात ते कर्ज असतं का?”

नाही, ती गरजू मुलांना सरकारकडून मिळणारी मदत असते, परत करावी लागत नाही. २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात ज्यावर रांगेतली दोन मुलं सरळ वळून बघायला लागली. “घरची शेती आहे म्हणजे आम्हाला श्रीमंत धरतात का? मदत मिळत नाही का?” त्या भागात घरोघरी हीच धास्ती असणार. ती खोटीही नव्हती. २०२४-२५ पासून सरकारी मदतीच्या फॅफ्सा फॉर्मात कुटुंब राहतं आणि कसतं ती शेतीसुद्धा मालमत्तेत धरू लागले होते. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने २०२६-२७ च्या फॉर्मपासून ती पुन्हा वगळली. हे मी सांगितलं तेव्हा टोपी घातलेला एक मुलगा ट्रे हातात घेऊन टेबलापाशीच उभा राहिला.

शेवटचा प्रश्न तर माझ्या कॉलेजातल्या कुणालाच आवडला नसता. “तुमच्यापेक्षा स्वस्त कुठे पडेल?” मी खरं ते सांगितलं, की नेब्रास्का विद्यापीठाची २०२० पासून ‘नेब्रास्का प्रॉमिस’ योजना आहे, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरातल्या मुलांना तिथे ट्यूशन फी पडत नाही, तिथेही अर्ज कराच. आणि आमची छापील फी बघून घाबरू नका, मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल त्याचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर २०११ पासून कॉलेजांना वेबसाइटवर ठेवावाच लागतो, तो आधी बघा.

तेवढ्यात तुम्ही उठलात. मागे उभ्या असलेल्या मुलीला म्हणालात, “बस गं जरा इथे, मी फोन बघून येते.” फोन वाजलेला नव्हता. सुट्टी संपेपर्यंत तुम्ही परत आला नाहीत आणि ती खुर्ची एकदाही रिकामी राहिली नाही. एक उठला की दुसरा बसत होता. त्या मुलांनी विचारलेले प्रश्न इतके नेमके होते की मला गाडीत जाऊन ते लिहून काढावे लागले.

मला वाटलं होतं, तुम्हाला खरंच हे माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या काउन्सेलरशी, म्हणजे मुलांना पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देणाऱ्यांशी, बोलणं झालं. त्या बिचाऱ्या आसपासच्या गावांतल्या शाळाही सांभाळतात. अमेरिकेतल्या शाळा काउन्सेलरांची संघटना म्हणते एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, पण तेवढ्या मुलांसाठी त्यांना किती गावं फिरावं लागतं हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यांनी सहज सांगितलं की फॅफ्सा भरायची वेळ आली की संध्याकाळी शाळा सुटल्यावर पालकांना ऑफिसात बसवून तो फॉर्म तुम्हीच भरून घेता, गेली कित्येक वर्षं. शेतीचा नवा नियमही त्यांना तुमच्याकडूनच कळला होता.

म्हणजे मी दिलेलं प्रत्येक उत्तर तुम्हाला आधीच पाठ होतं. मुलांना विचारायची लाज वाटते म्हणून तुम्ही स्वतः अडाणी झालात, रोज ज्यांच्यात वावरायचं त्याच मुलांदेखत. आमच्या पेशात सगळी धडपड आपल्याला किती कळतं ते दाखवण्याची असते. परिषदा होतात, भाषणं होतात, ‘पोहोच वाढवणं’ यावर स्लाइडच्या स्लाइड होतात. त्यातल्या एकालाही कधी अशी खुर्ची आणून ठेवताना मी पाहिलेलं नाही. तुमच्यासारखी माणसं शाळांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या पुढच्या टेबलांवर बसलेली असतात. त्यांच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. फार माणसं त्यांच्यामुळे दारातून आत येऊ शकतात, आणि फोटोत मात्र दुसरेच असतात. मला त्याचा राग येतो, आणि तुमच्याबद्दल लिहिताना डोळेही भरून येतात.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, तुमच्या शाळेतून आमच्याकडे अर्ज आले आहेत. कुणाचे ते अर्थातच सांगता येत नाही. त्यातल्या काहींनी फी माफीच्या चौकोनात खूण केली आहे, आणि ती खूण करायची असते हे त्यांना कुठे कळलं ते मला माहीत आहे. पश्चिम नेब्रास्काची पुढच्या हंगामाची फेरी मी मंजूर करून घेतली आहे, तुमचीच उदाहरणं देऊन. तुमच्या सुपरिंटेंडेंटना, म्हणजे तिथल्या शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्यांनाही स्वतंत्र पत्र लिहिलं आहे आणि ते तुमच्या फाइलला लावावं अशी विनंती केली आहे. त्यांनी लावलं नाही तर मला कळवा, मी पुन्हा लिहीन.

तुमची मनापासून ऋणी,
सोमवारी दुपारी कॅफेटेरियाच्या दाराशी बसलेली अ‍ॅडमिशन काउन्सेलर